हळदीचा पिवळा, पडदा आणि कागद: लिनक्सवर रंगाचं रूपांतर एकदाच

दळलेल्या राजापुरी हळदीचा पिवळा ऑफसेटला जड जाणारा रंग नाही. कोटेड आर्ट कार्डवर पिवळा १००, मॅजेंटा २० ते ३० टक्के, सायन आणि काळा शून्य, एवढ्यात तो बसतो. तरी सांगलीत हळदीच्या खोक्याचं काम निघालं की पडद्यावर उबदार वाटलेला हाच पिवळा कागदावर कधी हिरवट, कधी मळकट, तर कधी थेट केशरी होऊन येतो आणि बोल मशीनमनला लागतो. कासच्या पठारावरच्या सीतेच्या आसवांचा फोटो कॅलेंडरवर छापायचा असेल तर गोष्ट वेगळी. तो निळा-जांभळा चार शायांत मावतच नाही. हळदीचं बिघडणं टाळता येतं. सीतेच्या आसवांचं बिघडणं टळत नाही, पण प्लेट काढण्याआधी ते डोळ्यांनी बघता येतं. दोन्हींसाठी लागणारी सगळी साधनं मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि ती उत्तम आहेत.

ती वापरूनही रंग चुकतात, त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. फाइलमधला रंग मॉनिटरपर्यंत पोचताना मॉनिटरच्या प्रोफाइलमधून, म्हणजे तो मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद असलेल्या फाइलमधून, नेमका एकदा गेला पाहिजे. एकदाही गेला नाही तर तुम्ही बघता तो रंग फाइलचा नसतो. दोनदा गेला तरी नसतो. पुढचं सगळं या हिशेबाभोवती फिरतं.

मुळातली कल्पना साधी आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सोर्शियमने (आयसीसी) प्रोफाइलचा साचा ठरवला. प्रत्येक यंत्राचे आकडे आधी लॅब किंवा एक्सवायझेड या यंत्रनिरपेक्ष मोजमापात न्यायचे आणि तिथून दुसऱ्या यंत्राच्या आकड्यांत उतरवायचे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे गणित मुख्यतः लिटल सीएमएस ही लायब्ररी करते. चित्रांसाठीचे गिंप आणि क्रिटा, पानं मांडणारा स्क्रायबस, रेषाचित्रांचा इंकस्केप, फोटोंचा डार्कटेबल, पीडीएफ हाताळणारा घोस्टस्क्रिप्ट या सगळ्यांत ती आहे. म्हणून तीच फाइल, तीच प्रोफाइल आणि तोच रेंडरिंग इंटेंट (न मावणारे रंग कसे बसवायचे याचा नियम) असताना गिंपमध्ये एक रंग आणि स्क्रायबसमध्ये दुसरा दिसला, तर गणितावर संशय घेऊ नका. कुठेतरी सेटिंग वेगळं आहे.

रूपांतर करतं कोण?

जुन्या एक्स ११ डेस्कटॉपवर खिडक्या काढणाऱ्या सर्व्हरला रंगाचं काही कळत नाही. रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेली कलर-डी ही सेवा कुठल्या मॉनिटरची कुठली प्रोफाइल हे लक्षात ठेवते. डेस्कटॉप ती प्रोफाइल एका ठरलेल्या नावाच्या खुणेत टांगून ठेवतो. ती वाचून रूपांतर करायचं की नाही हे प्रत्येक प्रोग्रामने आपलं आपण ठरवायचं. गिंप वाचतो, साधा फोटो दाखवणारा प्रोग्राम कदाचित वाचत नाही, आणि डेस्कटॉपचं वॉलपेपर तर जसंच्या तसं जातं. रुंद गॅमटचा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त भडक रंग दाखवू शकणारा मॉनिटर असेल तर त्याच फोटोतला मळवट एका खिडकीत नैसर्गिक आणि दुसऱ्या खिडकीत भडक दिसतो, तो यामुळे.

इथे एक गल्लत फार होते. प्रोफाइलच्या फाइलमध्ये व्हीसीजीटी नावाचा एक तक्ता असू शकतो. लॉग-इनच्या वेळी तो ग्राफिक्स कार्डात भरला जातो आणि पूर्ण पडद्यावर लागू होतो. तो फक्त पांढरा आणि करडा जागेवर आणतो. ते झालं कॅलिब्रेशन. लाल किती लाल आहे याची नोंद उरलेल्या प्रोफाइलमध्ये असते आणि ती प्रोग्रामने वापरली तरच कामाला येते. लॉग-इन होताना पडद्याची छटा बदललेली दिसली म्हणजे कलर मॅनेजमेंट चालू झालं, असं समजू नका. तो नुसता तक्ता भरला गेला.

एक्स ११ ची जागा घेणाऱ्या वेलँडवर चित्र उलटं आहे आणि ते योग्य दिशेने उलटलं आहे. तिथे सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा कंपोझिटर स्वतः रूपांतर करतो. केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हापासून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक मॉनिटरला आयसीसी प्रोफाइल देता येते. काहीच न सांगणारी खिडकी कंपोझिटर एसआरजीबी (साध्या पडद्यांसाठी ठरलेलं रंगावकाश) धरतो आणि मॉनिटरच्या प्रोफाइलमध्ये उतरवतो. प्रोग्रामने ‘माझी खिडकी अमुक रंगावकाशात आहे’ असं सांगायची अधिकृत पद्धत फेब्रुवारी २०२५ मध्ये वेलँड-प्रोटोकॉल्सच्या १.४१ आवृत्तीत आली. वॉलपेपरपासून ब्राउझरपर्यंत सगळं एकाच ठिकाणी सांभाळलं जातं, ही खरी डेस्कटॉपभर चालणारी व्यवस्था.

पण या मधल्या काळात दोनदा रूपांतर होण्याचा धोका सगळ्यात जास्त आहे. कंपोझिटरला प्रोफाइल दिलेली आहे आणि गिंपच्या प्रेफरन्सेसमधल्या कलर मॅनेजमेंटमध्येही तीच मॉनिटर प्रोफाइल निवडलेली आहे, म्हणजे चूक झालीच. नवा प्रोटोकॉल न बोलणाऱ्या प्रोग्रामला प्लाझ्माच्या वेलँड सत्रात मॉनिटर प्रोफाइल म्हणून एसआरजीबीच द्या. पुढचं काम कंपोझिटर करेल. याची किंमत एकच: मॉनिटर रुंद गॅमटचा असला तरी त्या खिडकीत एसआरजीबीच्या बाहेरचं काही दिसणार नाही. आणि कोटेड कागदावरचा शुद्ध १०० टक्के सायन एसआरजीबीच्या बाहेर आहे. त्यामुळे सायन आणि हिरवट निळ्याचं सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा अंदाज, छपाईपेक्षा फिकं दिसेल. ज्यांचं रोजचं काम छपाईपूर्व तपासणीचं आहे त्यांनी सध्या एक्स ११ चं सत्र ठेवावं आणि रूपांतर प्रोग्रामकडे सोपवावं, असं माझं मत आहे. बाकीच्यांनी खुशाल वेलँडवर जावं.

किती वेळा रूपांतर होतंय हे ओळखण्याची एक खात्रीची युक्ती आहे. कलर-डीसोबत काही चाचणी प्रोफाइली येतात, त्यांत लाल आणि हिरव्याची अदलाबदल करणारी एक असते. मॉनिटरला तात्पुरती ती लावा आणि टोमॅटोचा फोटो उघडा. टोमॅटो हिरवा दिसला तर रूपांतर एकदा होतंय, सगळं ठीक आहे. लालच दिसला तर दोन शक्यता उरतात. प्रोग्राममधलं कलर मॅनेजमेंट बंद करून बघा. आता हिरवा झाला तर आधी दोनदा होत होतं, कारण दोन अदलाबदली एकमेकींना खाऊन टाकतात. तरीही लालच राहिला तर कोणीच करत नव्हतं. वापरात असलेला प्रत्येक प्रोग्राम असा एकदा तपासून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मग खरी प्रोफाइल परत लावायला विसरू नका.

फायरफॉक्समध्ये अंतर्गत सेटिंगच्या पानावर कलर मॅनेजमेंटचा मोड सहसा २ असतो. म्हणजे प्रोफाइल जोडलेल्या चित्रांपुरतंच रूपांतर होतं. एक्स ११ वर तो १ केला की प्रोफाइल नसलेली चित्रंही एसआरजीबी धरली जातात. ग्राहकाला ब्राउझरमधून डिझाइन दाखवत असाल तर हा बदल हवाच. आणि रात्री पडदा तांबूस करणारी सोय, मग ती डेस्कटॉपची नाइट लाइट असो की वेगळा प्रोग्राम, रंगाच्या कामाच्या वेळी पूर्ण बंद ठेवा. पिवळ्यावर काम करताना ती चालू राहिली तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

मॉनिटर मोजणं

मॉनिटर स्वतःबद्दल जी माहिती संगणकाला देतो तिच्यावरून कलर-डी आपोआप एक प्रोफाइल बनवते. तिच्यात कारखान्यात ठरलेले मूळ रंग आणि गॅमा एवढंच असतं. रुंद गॅमटच्या पडद्यावर तीही कामाची, पण पांढऱ्यासाठी तिच्यावर विसंबू नका. त्याच मॉडेलची दुसऱ्या कोणी मोजलेली प्रोफाइल नेटवरून उतरवणंही टाळा. तुमच्या पॅनेलचा दिवा त्याच्यापेक्षा वेगळा झिजलेला असतो.

कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा रंग मोजणारं उपकरण, हवाच. ग्रॅम गिल यांचं आर्गिल सीएमएस बाजारातली बहुतेक उपकरणं चालवतं. त्यावर बसलेलं डिस्प्लेकॅल हा फ्लोरियन होख यांचा प्रोग्राम खिडक्या-बटणांनी तेच काम सोपं करतो. मूळ डिस्प्लेकॅल पायथन २ वर अडकला होता, त्यामुळे आता पायथन ३ वर नेलेली आवृत्ती घ्या.

मॉनिटर अर्धा तास तापू द्या. त्याच्या मेन्यूतलं डायनॅमिक काँट्रास्ट, ऊर्जाबचत, ‘व्हिव्हिड’सारखे प्रकार बंद करा. छपाईशी तुलना करायची तर उजेड १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवा. दुकानातून आलेला मॉनिटर २५० च्या पुढे असतो, आणि ‘छपाई काळपट आली’ या तक्रारीचं निम्मं मूळ तिथेच असतं. गॅमा २.२ आणि पांढरा ६५०० केल्विनपासून सुरू करा. शेजारी धरलेला कागद पिवळा वाटला तर मॉनिटर थोडा उबदार करा. डिस्प्लेकॅलमध्ये बॅकलाइटच्या प्रकाराची करेक्शन निवडायची राहून जाते, ती आवर्जून निवडा. साध्या एलईडीच्या पॅनेलवर जुन्या ट्यूबवाल्या पॅनेलची करेक्शन लावली तर पांढराच चुकतो आणि पांढरा चुकला की हळद चुकते. साध्या पॅनेलला एक वक्र आणि मॅट्रिक्स अशी प्रोफाइल पुरते. पॅनेल वेडंवाकडं वागत असेल तरच तक्त्याची मोठी प्रोफाइल करा.

वेलँडच्या सत्रात आर्गिलला ग्राफिक्स कार्डातल्या तक्त्याला हात लावता येत नाही. तिथे कॅलिब्रेशन करायला गेलात तर मोजणी निरर्थक होते. मोजणीपुरतं एक्स ११ चं सत्र उघडा. ते नसेल तर कंपोझिटरची प्रोफाइल काढून टाका, डिस्प्लेकॅलमध्ये पांढरा आणि टोन कर्व्ह दोन्ही ‘आहे तसं’ ठेवा, उजेड मॉनिटरच्या बटणांनी जमवा आणि फक्त प्रोफाइल बनवा. नंतर तपासणीत डेल्टा-ई (हवा तो रंग आणि मोजलेला रंग यांतला फरक) लहान आला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. तो आकडा त्याच उपकरणाने स्वतःला दिलेली साक्ष आहे. करेक्शन चुकीची असली तरी तो लहानच येतो.

छपाईची प्रोफाइल आणि सॉफ्ट प्रूफ

सॉफ्ट प्रूफ म्हणजे ‘हा रंग त्या कागदावर त्या शायांनी असा दिसेल’ हे पडद्यावर दाखवणं. त्यासाठी त्या कागदाची प्रोफाइल लागते. प्रेसकडे स्वतःची असेल तर तीच घ्या. नसेल तर आर्ट पेपर आणि आर्ट कार्डसाठी फोग्रा ३९ या छपाईच्या प्रमाणित मोजमापांवर आधारलेली आयएसओ कोटेड व्ही२, मॅपलिथो या कोटिंग नसलेल्या कागदासाठी फोग्रा ४७ किंवा ५२ ची अनकोटेड प्रोफाइल. युरोपियन कलर इनिशिएटिव्हच्या संकेतस्थळावर त्या मोफत मिळतात. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसाठी वान-इफ्राची न्यूजपेपर २६ व्ही५ घ्या, तिची एकूण शाईची मर्यादा २२० टक्के आहे. आयएसओ कोटेड व्ही२ ची मूळ मर्यादा ३३० टक्के, पण तिचीच ३०० टक्क्यांची आवृत्ती आहे. शाई वाळायला वेळ कमी असेल तर, विशेषतः पावसाळ्यात, ३०० चीच घ्या. नाहीतर गडद भागाची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते.

प्रेसची स्वतःची प्रोफाइल बनवायची असेल तर आर्गिलनेच चार शायांचा आठशे ते सोळाशे चौकटींचा तक्ता तयार होतो. तो नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या शाईने, मशीन स्थिर झाल्यावर छापायचा. शाई वाळताना रंग उतरतो म्हणून एक दिवस थांबून स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचा. शीटच्या एका कोपऱ्यातला तक्ता पूर्ण मशीनबद्दल सांगत नाही. दोन-तीन ठिकाणी छापून सरासरी घ्यावी.

गिंप ३ मध्ये सॉफ्ट प्रूफची प्रोफाइल इमेज मेन्यूतल्या कलर मॅनेजमेंटमध्ये, प्रत्येक चित्रागणिक ठरते. प्रूफ चालू-बंद करायची खूण खालच्या पट्टीतही आहे. त्याच प्रोफाइलने टिफ किंवा जेपीईजी थेट सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शायांत) काढता येते. २.१० मध्ये हे नव्हतं. क्रिटा मुळातच सीएमवायकेमध्ये काम करतो. तिथे कंट्रोल आणि वाय दाबलं की प्रूफ, सोबत शिफ्टही दाबलं की गॅमटबाहेरच्या रंगांवर खूण. क्रिटाच्या इमेज प्रॉपर्टीजमधला अ‍ॅडाप्टेशन स्टेटचा सरकता दांडा बघण्यासारखा आहे. इंटेंट अ‍ॅब्सोल्यूट कलरीमेट्रिक ठेवून दांडा तळाला नेला की कागदाचा पांढरा दिसतो आणि टोकाला नेला की पडद्याचा. डार्कटेबलमध्ये फोटोखालची प्रूफची खूण उजव्या क्लिकने उघडून प्रोफाइल द्यायची.

गॅमटची खूण पडली म्हणून घाबरू नये. ती फक्त ‘बाहेर’ एवढंच सांगते, किती बाहेर ते सांगत नाही. केसभर बाहेरचा आणि मैलभर बाहेरचा रंग तिला सारखाच. म्हणून प्रूफ चालू-बंद करून डोळ्यांनीच बघावं.

सगळ्यात जास्त काम स्क्रायबसमध्ये होतं. मराठी मजकूर असेल तर १.५.३ च्या पुढचीच आवृत्ती घ्या, १.६ उत्तम. अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी आल्यावरच जोडाक्षरं नीट बसायला लागली. डॉक्युमेंट सेटअपमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करून मॉनिटर आणि प्रिंटर या दोन प्रोफाइली द्या आणि पडद्यावर प्रिंटर दाखवायची खूण करा. इंटेंट सपाट रंगांसाठी रिलेटिव्ह कलरीमेट्रिक ठेवा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (दोन्हीकडचा काळा जुळवणं) चालू. फोटोंसाठी परसेप्च्युअल आणि रिलेटिव्ह दोन्ही बघून निवडा.

आता हळद. लोगोचा किंवा पार्श्वभूमीचा पिवळा इंकस्केपमधून येतो आणि १.४ पर्यंतच्या इंकस्केपचा पीडीएफ आरजीबीच असतो. तो रूपांतरातून गेला की पिवळ्यात ४-५ टक्के सायन शिरतो. पडद्यावर ते जाणवतही नाही. मशीनवर ठिपका फुगतो आणि पिवळा हिरवट मळतो. म्हणून एसव्हीजी स्क्रायबसमध्ये आणा, रिप्लेस कलर्सने तो आरजीबी पिवळा काढून हाताने लिहिलेला सीएमवायके पिवळा घाला आणि सायन शून्य लिहा. हळद पावडरच्या फोटोतही सायन येतो, पण तिथे तो सगळा काढायचा नसतो. सावलीचा उठाव त्याच्यामुळेच असतो. क्रिटामध्ये सीएमवायके करून सायनच्या वक्राचा फक्त खालचा, १० टक्क्यांच्या आतला भाग दाबा.

काळ्या अक्षरांचं दुखणंही याच घरातलं. आरजीबी काळा चार शायांत फुटतो. मग बारीक देवनागरीची शिरोरेषा चार प्लेटांत विभागली जाते आणि रजिस्ट्रेशन (प्लेटांची एकमेकींवरची जुळणी) केसभर हललं तरी रेषेला निळी-लाल किनार येते. वेलांट्या आणि अनुस्वार तर भरूनच जातात. अक्षर नेहमी शंभर टक्के काळ्याच प्लेटवर ठेवा.

पीडीएफ काढल्यावर स्क्रायबसच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकेक प्लेट वेगळी बघा आणि शाईचा एकूण भार तपासा. घोस्टस्क्रिप्टचं टिफसेप हे आउटपुट निवडलं तर प्रत्येक प्लेटची करडी टिफ मिळते. सायनची उघडा. हळदीच्या जागी पांढरं दिसलं पाहिजे. घोस्टस्क्रिप्टचं इंककव्ह पानाच्या किती भागावर कुठली शाई पडली एवढंच सांगतं, जास्तीत जास्त भार नाही. ३०० ची मर्यादा तपासायला ते उपयोगाचं नाही. साध्या पीडीएफ दर्शकात सीएमवायके रंग कधी कधी निऑनसारखे भडक दिसतात, कारण तिथे प्रोफाइलऐवजी ढोबळ सूत्र लावलेलं असतं. ग्राहकाला मान्यतेसाठी तो पीडीएफ पाठवू नका. प्रूफवरून काढलेली एसआरजीबी प्रतिमा पाठवा.

सीतेच्या आसवांसाठी आकडा बघण्यासारखा आहे. एसआरजीबीच्या शुद्ध निळ्याचा क्रोमा (रंगाची तीव्रता) सुमारे १३० आणि कोटेड कागदावर सायन-मॅजेंटा दोन्ही शंभर टक्के छापले तर सुमारे ५०. इतका फरक कुठलाही इंटेंट भरून काढत नाही. वर मॅजेंटा थोडा जास्त झाला की निळा सरळ जांभळा होतो. प्रूफ चालू ठेवूनच रंगाची तीव्रता कमी करा आणि मॅजेंटाला सायनच्या खाली साधारण २५-३० टक्क्यांनी ठेवा. भोवतालचं गवत किंचित फिकं केलं की फूल उठून दिसतं. डोळा शेजारच्या रंगावरूनच ठरवतो.

बघण्याचा उजेड

आयएसओ ३६६४ प्रमाणे छापील नमुना ५००० केल्विनच्या उजेडात बघायचा असतो. साध्या एलईडी बल्बखाली पिवळा आणि केशरी हमखास फसवतात. ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) असलेली ५००० केल्विनची ट्यूब लावा, किंवा दुपारी खिडकीशी, ऊन थेट नसलेल्या जागी बघा. पडद्यामागची भिंत करडी किंवा पांढरी हवी, पोपटी नको.

कागदाचा पांढरा चालू केला की पहिल्या क्षणी सगळं मळकं वाटतं. खिडकीच्या कडेचे पांढरे पॅनेल डोळ्याला खरा पांढरा आठवून देत असतात. पूर्ण पडदा करा, पॅनेल लपवा आणि मिनिटभर तसंच बघत राहा. डोळा जुळवून घेतो, मगच निर्णय घ्या.

लॅमिनेशन प्रोफाइलमध्ये नसतं. ग्लॉस लॅमिनेशनने हळदीचा पिवळा थोडा खोल होतो, मॅटने गडद भाग धुरकट होतात. प्रेसकडून लॅमिनेशन केलेला जुना नमुना मागून घ्या आणि पडद्याशेजारी ठेवा. आणि हळदीचं प्लॅस्टिक पाऊच असेल तर इथली कुठलीच ऑफसेट प्रोफाइल लावू नका. तिथे ग्रॅव्ह्युअर सिलेंडर असतात, खाली पांढऱ्या शाईचा थर असतो आणि हळदीचा पिवळा बहुधा स्वतंत्र शाई म्हणूनच बनवलेला असतो. तो पडद्यावर नव्हे, त्या फिल्मवरच्या नमुन्यावरच मंजूर करावा लागतो.